उजव्या बाजूची डोली

अमरावती, १० नोव्हेंबर १९३५

ती. दादास सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

साष्टांग मनातल्या मनात समजावा. मांडीवर तिसरीच्या वह्या आहेत, आणि उठले तर दौत कलंडेल.

बाबांनी मोटारसायकल घेतली. इकडील सर्व क्षेम असं आधी लिहायची रीत आहे, पण ही ओळ वाचल्यावर तुला ते खरं वाटलं नसतं, म्हणून क्रम बदलला.

कॅम्पातले अमेरिकन पाद्री साहेब कायमचे मुलुखाला गेले. त्यांच्या सामानाचा लिलाव होता. बाबा तिथे मिरचीच्या रोपांसाठी पितळी झारी घ्यायला गेले होते. परत आले ते असे: पुढे बैलगाडी, तिला दोरानं बांधलेली ही लाल गाडी, आणि गाडीच्या बाजूला जोडलेल्या एकचाकी डोलीत बाबा, नवरदेवासारखे ताठ. वडाळीपासून आपल्या मळ्यापर्यंत निम्मं गाव मागे आलं. झारी दुसऱ्याच कोणी नेली.

म्हणतात, भाजी बाजारात न्यायला घेतली. डोलीत वांग्याचे चार टोपले सहज मावतात हे त्यांनी सगळ्यांना टोपले ठेवून दाखवलं. मग जमलेल्या लोकांनी एकेक वस्तूवर बोट ठेवून हे कायले, ते कायले, असं सुरू केलं. बाबांनी एकालाही माहीत नाही असं उत्तर दिलं नाही. पाय ठेवायला दोन लांबरुंद फळ्या आहेत, त्या त्यांच्या मते चिलीम ठेवायला. टाकीवर पितळी पिचकारी आहे, ती पाद्री साहेब लग्नात गुलाबपाणी उडवायला वापरत. टाकीच्या कडेला उभा दांडा आहे, त्याला छत्री टांगायची. डाव्या पायाखाली एक पेडल आहे, ते दाबलं की दाबलेलंच राहतं, वर येत नाही. ते बिघडलेलं आहे, असं बाबांनी मोठ्या मनानं कबूल केलं.

तू कापसाच्या जिनात इंजिनावर असतोस. तेव्हा कशाचं काय, ते नीट लिही, म्हणजे आमची अब्रू राहील.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. परवा बाबांनी मळ्यातल्या बुजगावण्याकडे तंबाखू मागितली. दोनदा मागितली. मी आधी हसले, आणि मग त्यांना हाताला धरून घरात आणलं. दिसत नाही का विचारलं, तर म्हणाले, दिसते, पन उशिरा दिसते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवणे, यंत्रामुळे कमी करू नये.

तुझी
सत्ती

⁂

अकोला, १६ नोव्हेंबर १९३५

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद. बाबांना नमस्कार. त्या गाडीला दुरूनच.

तुझं पत्र मी जिनात वाचलं आणि फोरमननं मला विचारलं की घरी कोणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही.

तुमची गाडी लांब पल्ल्याची आहे. तिकडे म्हणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना अख्खा दिवस मोडतो, म्हणून बसणारा शिणू नये हीच त्या कारागिरांची चिंता. फळ्या त्यासाठी. पाय लांब करता येतात, जागा बदलता येते, आणि खालचा चिखल वर येत नाही. चिलमीचा संबंध नाही. खोगिराखाली मोठी स्प्रिंग असेल, तीही त्याचसाठी, की रस्त्यातला खड्डा कमरेपर्यंत येऊ नये.

पेडल बिघडलेलं नाही. तो क्लच. इंजिनाची आणि चाकाची सोयरीक तो मोडतो आणि जुळवतो. टाचेनं दाबला की मोडली, चवड्यानं दाबला की जुळली, आणि सोडला तिथेच राहतो. त्यामुळे रेल्वेच्या फाटकापाशी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहता येतं, इंजिन चालू असलं तरी. छत्रीचा दांडा म्हणजे गियर. तो उजव्या हातानं बदलायचा, म्हणूनच पेट्रोलची मूठ डाव्या हाताला दिली असेल, कारण एक हात सुटला तरी चाल मोडू नये. उजवी मूठ ठिणगी मागेपुढे करते. पिचकारी तेलाची आहे. चढाला इंजिन जास्त तेल मागतं, तेव्हा चालवता चालवता एक दट्ट्या मारायचा. गुलाबपाणी पाद्रीबाईंनीच उडवलं असेल तर मला ठाऊक नाही.

डोली कोणत्या बाजूला आहे ते तू लिहिलं नाहीस. अमेरिकेतली असेल तर उजवीकडे असणार. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून डोली रस्त्याच्या कडेला राहते. आपल्याकडे डावीकडून चालायचं, म्हणजे डोलीतला माणूस रस्त्याच्या मधोमध. समोरून येणाऱ्या प्रत्येक बैलाशी त्याची गळाभेट होईल. वांगी ठीक आहेत. बाबा नकोत.

बाबांनी गाडीला हात लावायचा नाही. उशिरा दिसणाऱ्या माणसानं तर नाहीच.

आता कामाचं. वरूडचे केशवराव, संत्र्यांचे बगीचे असलेले, त्यांची बायको वारली त्याला दोन वर्षं झाली. माणूस शांत आहे, दारू नाही, पत्ते नाहीत. तुझं कपाळ उजाड झालं तेव्हा तू पोर होतीस. आपल्यात पाट लावायला आडकाठी नाही, आणि मास्तरीण म्हणून तू किती वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे शेंबूड पुसणार. केशवराव पुढच्या महिन्यात पाहायला येतील. तू वरूडला गेलीस की बाबांना मी इकडे आणीन, मळा वाट्यानं देऊ. तोवर ती गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेव. कोणाला दिसू देऊ नकोस.

माया आहे ती राहो, आणि आमचं ऐकायची सवय लागो.

शेषराव

⁂

अमरावती, २७ नोव्हेंबर १९३५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचण्याआधीच बाबांनी गाडी चालवली. वांग्याच्या वाफ्यापर्यंत चालवली, आणि मग वाफ्यातून चालवली. थांबली ती विहिरीच्या काठच्या निंबाला टेकून. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. उतरून म्हणाले, वावराचा धुरा कोनं तरी इकडे सरकवला. मग बराच वेळ निंबाला हात लावून उभे होते. मी जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाले, सत्ते, आता हे काई आपल्या हातचं नाई. गाडीबद्दल म्हणाले की डोळ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. क्लच समजला, गियरही समजला. डोली उजवीकडेच आहे. पण काही शंका उरल्या आहेत. पहिली, किक मारताना ती उलटी येते आणि पोटरीवर आपटते, ते कशानं? दुसरी, लुगड्याचा काचा घट्ट मारला तरी डावा पदर पेट्रोलच्या मुठीत जातो, तर तो उजव्या खांद्यावरून घ्यावा का? तिसरी, वळताना डोलीचं चाक जमिनीवरून उचललं जातं, तेव्हा अंग कोणत्या बाजूला टाकायचं?

तू एव्हाना ओळखलं असशील. तरी सरळ लिहिते. गाडी मी चालवते. सकाळी शाळेच्या आधी, छत्री तलावाच्या रस्त्यावर, डोलीत मेथीच्या जुड्या आणि बाबा. बाबा प्रत्येक बैलगाडीला रामराम करतात. तू म्हणालास ती गळाभेट अजून झालेली नाही.

दादा, मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांना एकाच वेळी काम मिळालं आहे. डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच राहत नाही.

केशवरावांना अवश्य येऊ दे. ताडपत्री मात्र आपल्याकडे नाही, ती मागच्या पावसात फाटली.

राग आला तर पोस्टानं पाठव. लोभ तू येशील तेव्हा हातात दे.

सत्ती

⁂

अकोला, १ डिसेंबर १९३५

सत्यवतीस आशीर्वाद द्यायचा की नाही हे ठरलेलं नाही, तरी रीत म्हणून देतो.

तुले काही वाटते का? बाई माणूस, विधवा, मास्तरीण, आणि मोटारसायकल. यातलं एकेक लोक सहन करतात, चारही एकदम करणार नाहीत. वरूडवाल्यांच्या कानावर गेलं तर मी तोंड कुठे दाखवू? गाडी आजच्या आज विकून टाक. मी दुसरं काही लिहिणार नाही.

किक उलटी येते कारण तू ठिणगी मागे घेत नाहीस. सुरू करण्याआधी उजवी मूठ पूर्ण मागे फिरव, सुरू झाल्यावर हळूहळू पुढे. नाहीतर घोटा मोडेल, आणि हे गमतीनं लिहीत नाही. वळताना अंग डोलीच्या बाजूला टाकायचं, आणि उजवं वळण हळू घ्यायचं, कारण चाक तिथेच उचललं जातं. बाबांना डोलीत बसवलंस तर वजन राहील, रिकामी डोली जास्त वाईट. हे मी फक्त जीव वाचावा म्हणून सांगतो. परवानगी समजू नकोस.

शेषराव

ता. क. चि. सत्यवतीस दुर्गाबाईचे अनेक आशीर्वाद. हे जेवायला बसले आहेत तोवर लिहिते. पदर कमरेला खोचून वरून पिन लावावी, मी तुझ्या भावाच्या मागे सायकलवर बसते तेव्हा तसंच करते. डोलीत दोन बायका मावतात का ते कळव. मी बारीक आहे.

⁂

अमरावती, १६ डिसेंबर १९३५

ती. दादास व वहिनींस शि. सा. न. वि. वि.

वहिनी, मावतात. एकीनं तोंड बंद ठेवलं तर.

केशवराव काल येऊन गेले. सोबत त्यांच्या मावशी मैनाबाई होत्या. तू म्हणालास तसेच आहेत, शांत. चहा झाला, पोहे झाले, शाळेत काय शिकवता ते विचारून झालं. मग बाबांनी त्यांना सरळ मळ्यात नेऊन गाडीसमोर उभं केलं, आणि तुझ्या पत्रातली सगळी माहिती स्वतःची म्हणून सांगितली. क्लचला सोयरीक म्हणाले, मैनाबाईंकडे पाहून. त्यांच्या अंदाजानं पाहून, खरं तर त्या दुसरीकडे होत्या.

केशवरावांनी गाडीत रस घेतला. खोटा नाही, खरा. डोलीत बसून पाहू का, म्हणाले. मी म्हटलं, बसा. बाबा म्हणाले, बडनेऱ्याले जाऊन या. मैनाबाईंना बोलायला सुचायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

बडनेऱ्याच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग होती, जिनाकडे निघालेली. मी डावीकडून, गाड्या समोरून, आणि मधोमध केशवराव. त्यांचा फेटा दोन बैलांनी हुंगला. ते ओरडले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते. एवढंच म्हणाले, ही डोली डाव्या बाजूला बसवता येणार नाही का? प्रश्न शहाण्या माणसाचा होता आणि मला तो आवडला. खरंच, बसवता येईल का?

स्टेशनापाशी चहा घेतला. तिथे ते मोकळे बोलले. लग्नानंतर गाडी वरूडला नेऊ, तिच्यावर ड्रायव्हर ठेवू, संत्र्यांच्या पेट्या जातील. मी विचारलं, मग मी काय करायचं? ते म्हणाले, तुम्ही डोलीत बसा, ऐटीत. वाईट मनानं नाही म्हणाले. त्यांना ते फार मोठं देणं वाटत होतं. मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, तुम्ही भले आहात, पण मला बसायचं नाही. त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, राग नाही, फक्त एक विनंती आहे, परत जाताना मी टांग्यानं जातो. मी हसले, तेही हसले. मैनाबाई अजून हसलेल्या नाहीत.

तू रागावशील. पण पुढचं आधी वाच.

घरी आल्यावर बाबांना मी विचारलं, दिसत नव्हतं तर गाडी घेतली कायले? बराच वेळ मेथी निवडत राहिले. मेथी म्हणून गवतच निवडत होते. मग म्हणाले, डोये जाच्या आंदी अकोल्याचा रस्ता एकडाव पाहाचा होता. तुयी माय त्याच रस्त्यानं कुरूमहून वरातीत आली, मी तिच्या बैलापुढे चालत होतो. मी म्हटलं, रेल्वे आहे की. तर म्हणाले, रेल्वेतून आडवं दिसते, आलं की गेलं. गाडीवर बसलं की समोरचं येतानी दिसते. महिनाभर बाबा त्या गाडीला भाजीची गाडी म्हणत राहिले, कारण आईचं नाव काढलं असतं तर आपण त्यांना म्हातारे म्हटलं असतं.

अकोल्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, असं आमच्या शाळेच्या मोठ्या बाई सांगतात. तारीख घेऊन ठेव. नाताळच्या सुट्टीत मी बाबांना घेऊन येते. रस्त्यानं.

वरूडला तुझी अडचण झाली असेल, तिचं खापर माझ्यावर फोड. लोभाला हात लावू नकोस.

सत्ती

⁂

अकोला, ८ जानेवारी १९३६

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद, या वेळी विचार करून दिलेले.

तू शाळेसाठी रेल्वेनं परत गेलीस, आणि तुझ्या तोंडावर जे बोललो नाही ते आता लिहितो.

तुम्ही येणार त्या दिवशी मी सायकलवर बोरगावपर्यंत सामोरा आलो होतो. तुला खड्ड्यातून काढावं लागेल म्हणून सोबत दोर घेतला होता. रस्त्याच्या कडेला बसलो. आधी आवाज आला. मी आयुष्यभर इंजिनांचे आवाज ऐकतो, खोकणारं कोणतं, रडणारं कोणतं ते मला कळतं. हे इंजिन गात होतं. ठिणगी जिथे पाहिजे तिथे, तेल जेवढं पाहिजे तेवढं. मी उभा राहिलो. तू मातीनं लाल झालेली, पदराला वहिनीची पिन, डोळे रस्त्यावर. मी हात केला. तू थांबली नाहीस, कारण तू मला पाहिलंच नाहीस. बाबांनी मात्र पाहिलं, शिपाई समजून मला दोन्ही हात जोडले, आणि तुम्ही निघून गेलात. मी दोर घेऊन मागून सायकल मारत आलो. त्या तीन-चार कोसांत माझा राग कुठे सांडला ते सापडलं नाही.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, चांगली झाली, पण पट्टी सुटून भिंगाचा चष्मा लागेपर्यंत खात्री नाही. दुसऱ्या डोळ्याचं नंतर पाहू. बाबा उताणे पडून आहेत, मान हलवायची नाही. शेजारच्या खाटेवरच्याला रस्ता सांगत असतात. कुरूमच्या अलीकडे चिंचा आहेत, उमा नदीला पाणी कमी आहे, असं. नीट दिसलं का म्हणून मी विचारलं. म्हणाले, अर्धं दिसलं, अर्धं आठोलं, कोनतं कोनतं ते मी कायले सांगू.

गाडी माझ्या पडवीत आहे. पुसून ठेवली आहे. डोली डावीकडे बसवता येणार नाही, सांगाड्याच्या कड्या एकाच बाजूला आहेत. केशवरावांना कळवायचं असल्यास कळव.

शेषराव

⁂

अमरावती, १९ जानेवारी १९३६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दोर आणला होतास हे वाचून शाळेत हसले, आणि वर्ग माझ्याबरोबर कारण न विचारता हसला.

शाळेत तक्रार आली आहे. कोणा पालकाचं म्हणणं, मास्तरीणबाई मोटारसायकल चालवतात, मुलींवर परिणाम होईल. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मी कबूल केलं, आणि नोकरी गेली तर मळा आहे असंही सांगितलं. त्यांनी तक्रारीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, त्या डोलीत छत्री उघडता येते का? मी म्हटलं, येते, पण मग आपण डोलीतून वर जातो. त्या म्हणाल्या, परिणाम काय होतो ते पाहू. निकाल अजून व्हायचा आहे.

घरात बाबा नाहीत तर मी चहा दोन कप करते आणि दोन्ही पिते. पट्टी सुटेल त्या दिवशी तार कर. चांगलं असलं तरी कर आणि नसलं तरी कर.

लोभ इकडून पाठवते आहे, मोजून घेऊ नकोस.

सत्ती

⁂

अकोला, १ मार्च १९३६

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

बाबांना दिसतं. तारेत एवढंच लिहिलं होतं, बाकीचं आता. चष्मा जाड आहे, त्यातून त्यांचे डोळे संत्र्याएवढे दिसतात. तो लावून आधी दुर्गाबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, सूनबाई वाळली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, याचे केस कुठी गेले? मग ओसरीवर गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकेका माणसाकडे बघत बसले. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत. मी आत जाऊन थोडा वेळ चुलीच्या धुरात उभा राहिलो, म्हणजे कोणाला काही विचारायला नको.

काल बाबा म्हणाले, गाडी काढ, मले मोर्णेच्या काठानं फिरव. मी काढली. सत्ते, त्या गाडीत अशी एक वस्तू नाही जिचं काम मला ठाऊक नाही. ठिणगी मागे घेतली, पहिल्या किकेला सुरू. क्लच जुळवला. तो इतक्या मायेनं जुळला की आम्ही कडब्याच्या गंजीत गेलो. शेजारच्या तानुबाईची गंजी होती. पुन्हा काढली. डाव्या हाताला वाटलं आपण ब्रेक आहोत, त्यानं पेट्रोल दिलं. पुन्हा तीच गंजी, दुसऱ्या बाजूनं. इजा कोणाला नाही, पुढचा मडगार्ड वाकला आहे, तो मी सरळ करतो.

बाबांनी चष्म्यावरचा कडबा पुसला आणि तानुबाई, दुर्गाबाई आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, शेष्या, तुले सारं समजते, पन चालवता येत नाई. सत्तीले बोलाव.

म्हणून बोलावतो आहे. होळीच्या सुट्टीत ये. वरूडकडे मी स्वतः लिहून टाकलं आहे, आणि मळा वाट्यानं द्यायचा नाही हेही ठरलं. बाबा तुझ्यासोबतच राहणार म्हणतात. ते येतानाच्याच रस्त्यानं परत जायला तयार नाहीत. म्हणतात, तो पाहून झाला.

दुर्गाबाई मूर्तिजापूरपर्यंत डोलीत येणार होती. आता ती बाबांशी भांडते आहे, डोली कोणाची यावरून.

तुझा भाऊ
शेषराव

⁂

अमरावती, ५ मार्च १९३६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारच्या पॅसेंजरनं येते. तोवर गाडीला हात लावू नकोस. तानुबाईंची माफी मी आल्यावर मागेन, तू मागायला गेलास तर तिथेही काहीतरी होईल.

नोकरी राहिली. मोठ्या बाईंनी तक्रारदारांना कळवलं, की मोटारसायकल शाळेच्या वेळेबाहेर चालते. त्यांना रविवारी वडाळीपर्यंत फिरवून आणायचं कबूल केलं आहे, छत्रीशिवाय.

वहिनींना सांग, पिन तयार ठेवा, अकोल्यातल्या अकोल्यात त्यांना आधी फिरवून आणते, मग बाबा.

बाबांना सांग, दर्यापूरवरून जाऊ. रस्ता वाईट आहे, पण लांब आहे.

तुझी
सत्ती